डिप्रेशनची गोळी : पहिले पंधरा दिवस, आणि नंतर सोडायचे दिवस

ओसरी

लिहू की नको करत बरेच दिवस गेले. परवा आईचा फोन आला, म्हणाली तुझ्या भावाने गोळ्या बंद केल्यात, नवव्या दिवशीच, म्हणतो ह्याने जास्तच होतंय, आणि मला एकदम चार वर्षांपूर्वीची मीच दिसले. मीपण हेच केलं होतं, अकराव्या दिवशी. म्हणून हा धागा काढतेय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. जे लिहितेय ते अंगावरून गेलेलं आहे आणि नंतर डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं आहे. हे वाचून कुणी आपली गोळी सुरू, बंद किंवा कमीजास्त करू नका, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र इथून घेऊन जा.

मला एसिटॅलोप्रॅम दिली होती. पहिला आठवडा ५ मिलीग्रॅम, मग १०. रोज सकाळी नाश्त्यानंतर, पंधरा दिवसांनी दाखवायला या, एवढंच बोलणं झालं, बाहेर अजून वीस पेशंट बसलेले. दुसऱ्या दिवसापासून मळमळ सुरू. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. जांभया इतक्या की वर्गात फळ्याकडे तोंड करून जांभई द्यायचे, जबडा दुखायला लागला. (जांभया हा ह्या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे हे मला कितीतरी नंतर कळलं.) हात थरथरायचे, छातीत धडधड, रात्री दोनला टक्क जाग. आधी नुसती उदास होते, आता उदास आणि वर हे सगळं. मला वाटलं आजार वाढला, नाहीतर गोळी चुकीची आहे. अकराव्या दिवशी स्ट्रिप उचलून कपाटाच्या वरच्या कप्प्यात फेकली आणि पुढचे पाच महिने जे काढले ते इथे लिहीत नाही.

मग नणंदेने ओढून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रिस्क्रिप्शन उलटं करून मागे दोन रेघा काढल्या. एक रेघ पहिल्याच दिवशी वर चढते आणि दहाबारा दिवसांनी उतरायला लागते, ती त्रासाची. दुसरी दोन आठवडे जमिनीला चिकटून चालते आणि मग हळूहळू वर जाते, ती फायद्याची. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे पेनाने गोल केला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही ह्या गोलाच्या तीनचार दिवस अलीकडून परत फिरलात." तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आता असं का होतं ते मला समजलं तसं सांगते. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देताना मधल्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सोडते, आणि काम झालं की उरलेलं परत ओढून घेते, त्यासाठी तिच्याकडे पंपासारखी सोय असते. ही गोळी तो पंप अडवते, म्हणजे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं. हे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच होतं! मग बरं वाटायला दोन ते चार आठवडे (पूर्ण फरक कळायला सहा ते आठसुद्धा) का लागतात? कारण सोडणाऱ्या पेशीवर स्वतःचेच पहारेकरी असतात, त्यांना दिसतं की फटीत जास्त झालंय, मग ते पेशीला सांगतात की हात आखडता घे. हे पहारेकरी ढिले पडायला दोनतीन आठवडे जातात. आणि त्यानंतरही पेशींमधले नवे जोड तयार व्हायला वेळ लागतो. आमच्याकडे उसाला पाटाचं पाणी सोडतात, पण पाणी सोडलं त्या दिवशी ऊस वाढत नाही, तसंच समजा. आणि मळमळ लगेच का, तर शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. पोटाला पहिल्या दिवशीच कळतं, मनाला महिन्याने.

एवढं जर मला कुणी आधी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर माझे ते पाच महिने वाचले असते. आपापले अनुभव लिहा, भावाला हा धागा वाचायला देणार आहे.

खलबत्ता

ताई, फार गरजेचा धागा. माझं मेडिकल स्टोअर आहे, बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, आणि तुम्ही लिहिलंय ते रोज बघतो. महिन्याचं प्रिस्क्रिप्शन असतं पण पेशंट दहाच गोळ्या नेतो आणि परत येत नाही.

अजून एक गोष्ट फार बघतो ती सांगतो. सुरुवातीची घालमेल आणि झोप सांभाळायला डॉक्टर बरेचदा सोबत क्लोनाझेपॅमची अर्धी गोळी देतात, दोनतीन आठवड्यांपुरती. ती अर्ध्या तासात काम करते. लोकांना वाटतं हीच खरी गोळी, दुसरीने तर नुसती मळमळ होते. मग करतात काय, खरी बंद करतात आणि अर्धीच चालू ठेवतात, जुनी चिठ्ठी घेऊन येतात आणि म्हणतात फक्त ती झोपेची द्या. तिची सवय लागते, हळूहळू अर्धीची एक होते, आणि डिप्रेशन तिथंच. मी देत नाही, भांडून जातात, दुसऱ्या दुकानात मिळते हेही मला माहीत आहे. पाकिटावर लाल रेघ असते ती शोभेला नाही, चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून आहे. आणि आता तर दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेली पण मिळते, त्यामुळे पेशंटला आपण क्लोनाझेपॅम घेतोय हेच माहीत नसतं. आपल्या स्ट्रिपवर काय काय लिहिलंय ते एकदा वाचा सगळ्यांनी.

मळमळीला साधा उपाय, रिकाम्या पोटी घेऊ नका. ह्या गोळीला जेवणाशी तसं घेणंदेणं नाही पण पोटात काही असलं की त्रास कमी होतो. चतुर्थीचा उपास असला तरी दूध-केळं खाऊन घ्या. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री, हे डॉक्टरांना फोनवर विचारून बदलता येतं. आणि एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसरा दिवस उजाडला तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

अश्वत्थ

धागा चांगल्या मनाने काढलाय हे मान्य, पण एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. "सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं" हे आपल्याला वीसपंचवीस वर्षं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरचा सगळा अभ्यास एकत्र तपासून लिहिलं की ह्याला सुसंगत असा पुरावाच नाही. मग जी गोष्ट कमी नाही ती वाढवायची गोळी का घ्यायची? आणि लोक वर्षानुवर्षं घेतात. माझ्या जवळच्या माणसाचं बघितलंय म्हणून बोलतोय.

कृष्णाकाठ

अश्वत्थ, प्रश्न रास्त आहे. मी फिजिशियन होतो, आता निवृत्त आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही पण ह्या गोळ्या छत्तीस वर्षं पाहिल्या.

तो लेख खरा आहे आणि त्यातला मुख्य मुद्दाही बरोबर आहे. "मेंदूत केमिकल कमी पडलंय, ते भरून काढू" हे सांगायला सोपं होतं म्हणून आम्ही सगळे तसं सांगत आलो, मीसुद्धा. पण आजार कशामुळे होतो आणि औषध उपयोगी पडतं की नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताप काही अंगातलं पॅरासिटामॉल संपलं म्हणून येत नाही, तरी पॅरासिटामॉलने उतरतो. ह्या गोळ्यांचा शोधसुद्धा कुठल्या सिद्धांतातून लागलेला नाही. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं औषध देत होते, तर मरणाला टेकलेली माणसं हसायला-बोलायला लागली, भूक लागायला लागली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलॅंड कून इमिप्रामिन वेगळ्याच आजारावर वापरून बघत होते, तिथे चाललं नाही आणि डिप्रेशनवर चाललं. आधी गुण दिसला, कारण नंतर शोधायला घेतलं, आणि ते अजून पुरतं सापडलेलं नाही.

गुण येतो का, तर २०१८ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात मोठा आढावा आला, २१ औषधं, ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर माणसं. सगळीच्या सगळी २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. पण सरासरीने बघितलं तर फरक माफक आहे, डोंगराएवढा नाही, हेही सांगितलंच पाहिजे. काहींना लख्ख फरक पडतो, काहींना काहीच नाही. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला त्यात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले, बाकीच्यांना बदलून किंवा जोड देऊन बघावं लागलं. म्हणून पहिली गोळी लागू पडली नाही तर "माझं काही होणार नाही" असं धरून बसू नये.

आणि सौम्य डिप्रेशनला मी सहसा गोळीने सुरुवात करायचो नाही. आपल्या शेजारी गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक काम केलं, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून सहा ते आठ भेटींत पेशंटशी बोलायचं, बंद पडलेली रोजची कामं हळूहळू सुरू करून द्यायची. तेही जास्त तीव्रतेच्या डिप्रेशनमध्ये. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लोक बरे झाले, २०१७ च्या लॅन्सेटमध्ये आहे. तेव्हा गोळी की बोलणं असं भांडण नकोच, बऱ्याच जणांना दोन्ही लागतं.

अजून एक, सुरू करायच्या आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ तळाला गेलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि थकवा, उदासी सगळं तिथूनही येऊ शकतं.

ओसरी

काका, खूप आभार. माझी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, दुसऱ्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा करायला सांगितली होती, नॉर्मल निघाली, पण निदान शंका तरी गेली.

मोगरा_नागपूर

वयस्कर माणसांबद्दल लिहायचंय, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बाबा ७३ वर्षांचे, आई गेल्यावर जेवण तोडलं, बोलणं बंद. डॉक्टरांनी एसिटॅलोप्रॅम सुरू केली. बाबांना बीपीची गोळी आधीपासून, त्यात लघवी जास्त होणारी, पाण्याची म्हणतात ती गोळीही होती. साधारण सोळाव्या-सतराव्या दिवशी बाबा सकाळी देवपूजेला बसले आणि ताम्हनात पाणी ओततच राहिले, भरून खाली सांडतंय तरी ओततायत. हाक मारली तर माझ्याकडे बघून माझ्या आत्याचं नाव घेतलं. मला वाटलं झालं, आता विस्मरण सुरू झालं. दादा म्हणाला शॉक बसलाय आईचा, होईल ठीक. दोन दिवस आम्ही असेच घालवले. तिसऱ्या दिवशी चालताना तोल गेला म्हणून हॉस्पिटलला नेलं तर रक्तातलं सोडियम ११९. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी बघितली आणि लगेच ओळखलं.

ह्या गोळ्यांमुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं, म्हातारपणी जास्त, आणि सोबत ती पाण्याची गोळी असेल तर अजून जास्त. बाबा पाच दिवस ॲडमिट होते, हळूहळू वाढवलं सोडियम, एकदम वाढवत नाहीत म्हणे. आता बरे आहेत, त्यांना मिर्टाझापिन ही डिप्रेशनची दुसरी गोळी दिलीय, बीपीची गोळीही बदलली, भूकही लागते आणि झोपही. माझी तक्रार एवढीच आहे की पहिल्या चिठ्ठीवर "दोन आठवड्यांनी सोडियम तपासा" ही एक ओळ असती तर आम्ही ते ताम्हन बघून विस्मरण-विस्मरण करत बसलो नसतो. घरात साठीच्या पुढचं कुणी ही गोळी सुरू करत असेल तर डॉक्टरांना हे विचाराच. अचानक गोंधळ, डोकेदुखी, तोल जाणं, म्हणजे वय झालं असं म्हणून सोडू नका.

खलबत्ता

मोगराताई, बरं झालं लिहिलंत, वाचून काटा आला. ह्याच्यासाठी मी म्हणतो की सगळ्या गोळ्यांची एकच यादी करा, बीपीच्या, शुगरच्या, सांध्याच्या, आणि प्रत्येक डॉक्टरला ती दाखवा.

यादीत काय बघायचं तर अंगदुखीच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, आणि हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन. ह्यांच्यासोबत पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, शौचाला काळं होत असेल तर लगेच दाखवा. ट्रॅमाडॉल, ही दुखण्याची गोळी फार लिहिली जाते, ती ह्याच्यासोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही खोकल्याच्या औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं की खूप घाम, ताप, थरथर, स्नायू ताठर, बेचैनी, असं होतं, ती इमर्जन्सी असते. क्वचित होतं पण माहीत असावं. दारूबद्दल वेगळं लिहायला नको, ती स्वतःच मन खाली ओढते.

उलटी बाजूपण सांगतो. बायका घाबरून दुकानात येतात की मायग्रेनसाठी गोळी दिलीय आणि मोबाईलवर बघितलं तर डिप्रेशनची निघाली, मला काय वेड लागलंय का. अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलीग्रॅम असते ती. कमी डोसमध्ये ती डोकेदुखीला, नसांच्या दुखण्याला देतात. डायबेटिसमध्ये पायांची आग होते त्याला ड्युलॉक्सेटिन देतात. घाबरू नका, विचारा.

रात्रपाळी

हा आयडी नवीन काढला ह्या प्रतिसादासाठी. लग्नाला सहा वर्षं झाली. सर्ट्रालिन सुरू करून तीन महिने झालेत. मन खूप सुधारलं, कामावर लक्ष लागतं, पण बायकोजवळ जायची इच्छाच होत नाही आणि झाली तरी शेवटपर्यंत पोचत नाही. तिला वाटतंय माझं तिच्यावरून मन उडालंय. डॉक्टर बाई आहेत, वयाने मोठ्या आहेत, त्यांना कसं सांगू कळत नाही. गोळी गुपचूप बंद करायचा विचार चाललाय.

कृष्णाकाठ

रात्रपाळी, बंद करू नका, आणि डॉक्टरबाईंना सांगा, त्यांनी हे शेकडो वेळा ऐकलेलं आहे. बोलायला जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवा, माझे पेशंट असंच करायचे.

हा ह्या गटातल्या औषधांचा अतिशय सामान्य परिणाम आहे, पुरुषांत आणि बायकांतही, आणि विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही म्हणून तो दुर्मीळ वाटतो. शीघ्रपतनासाठी जी डॅपॉक्सेटिन गोळी देतात ती ह्याच कुळातली आहे, म्हणजे उशीर होणं हा ह्या औषधाचा स्वभावच आहे, तुमचा दोष नाही की तुमच्या मनातलं प्रेम आटलेलं नाही. हे पहिलं बायकोला सांगा, आज रात्रीच सांगा, ती बिचारी उगीच स्वतःला कोसत असेल. मळमळीसारखा हा त्रास पंधरा दिवसांत जातोच असं नाही. पण डोस थोडा कमी करता येतो, औषध बदलता येतं, ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनला हा त्रास बराच कमी असतो. दुकानातून परस्पर ताकदीच्या गोळ्या आणू नका. काही थोड्या लोकांत हा त्रास गोळी बंद केल्यावरही रेंगाळल्याच्या नोंदी आहेत, युरोपच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये ते माहितीपत्रकात लिहायला लावलं. घाबरवायला नाही सांगत, पण डॉक्टरांशी मोकळं बोलायचं तर हे दोघांनाही माहीत असलेलं बरं.

रात्रपाळी

काका, काल बोललो तिच्याशी. ती रडली, मग म्हणाली तीन महिने एवढं का लपवलंस. पुढच्या भेटीला ती सोबत येणार आहे.

हॉस्टेलवासी

मी १९ वर्षांची आहे, फ्लुऑक्सेटिन दिलीय, अजून सुरू नाही केली कारण नेटवर वाचलं की २५ च्या आतल्या मुलांना ह्याने आत्महत्येचे विचार येतात. घरी सांगितलेलं नाही. खरं आहे का हे?

कृष्णाकाठ

बाळा, नीट सांगतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, कारण चाचण्यांमध्ये सुरुवातीच्या काळात असे विचार गोळी घेणाऱ्यांत थोडे जास्त दिसले. त्याचा अर्थ गोळी घ्यायची नाही असा नाही. उपचार न केलेलं डिप्रेशन हाच त्या विचारांचा सगळ्यात मोठा धोका आहे. अर्थ असा की पहिले काही आठवडे आणि डोस बदलेल तेव्हा कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. कधीकधी अंगातली ताकद आधी परत येते आणि मन मागे राहतं, तो मधला काळ जपायचा असतो. एका जागी बसवत नाही अशी विलक्षण तगमग, चिडचिड, झोप पूर्ण उडणं, नको ते विचार वाढणं, ह्यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. आणि झोप न होताही भलताच उत्साह आला, एकदम खर्च, अखंड बडबड, तर तेही सांगायचं, कारण बायपोलर आजार असेल तर नुसत्या ह्या गोळीने मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. घरात कुणाला तसा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांग.

एका माणसाला तरी सांग. आई नाही तर मावशी, रूममेट, कुणीही. आणि १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेव, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

ओसरी

हॉस्टेलवासी, मला कधीही निरोप टाक, रात्रीही. खरंच.

शेवंती

माझा त्रास वेगळा. दोन वर्षं गोळी चालू आहे, बाकी काही नाही, पण सगळं सपाट झालंय. मागच्या श्रावणात आजी गेली, जिने मला वाढवलं ती. सगळे रडतायत आणि मी स्वयंपाकघरात चहाचे कप मोजतेय, किती जणांचा टाकू. रडू आलंच नाही. नंतर चार महिने स्वतःचीच भीती वाटत होती की मी अशी कशी दगड झाले. डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले हे औषधाने होतं, दुःख बोथट होतं तसं सुखही, आणि डोस २० वरून १० केला, हळूहळू. दीड महिन्याने आजीची गोधडी उन्हात घालताना तिच्या तेलाचा वास आला आणि मी तिथेच गच्चीवर बसून हुंदके देऊन रडले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. डोस कमी करूनही डिप्रेशन परत आलेलं नाही अजून.

दूरदेशी

सोडतानाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी न्यू जर्सीत असतो. व्हेन्लाफॅक्सिन घेत होतो, भारतात येताना गोळ्या चेक-इन बॅगेत टाकल्या आणि बॅग तीन दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोळे डावीउजवीकडे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखा बारीक झटका, झर्रकन, आवाज आल्यासारखा. सोबत चक्कर, घाम, मळमळ, विचित्र खरीखुरी वाटणारी स्वप्नं, आणि उगाच रडू. आई म्हणे प्रवासाचा शीण. मला वाटलं स्ट्रोक येतोय. गोळी मिळाल्यावर काही तासांत शांत. तेव्हापासून गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. बंद करायची आहे आता, पण त्या तीन दिवसांची दहशत बसलीय.

कृष्णाकाठ

दूरदेशी, झटक्यांचं वर्णन अगदी बरोबर केलंत. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन ह्या बाबतीत सगळ्यात वाईट, कारण शरीरातून लवकर निघून जातात. फ्लुऑक्सेटिन आठवडे रेंगाळते म्हणून तिचा त्रास सगळ्यात कमी. क्लोनाझेपॅमसारखी ह्या गोळीची तल्लफ नसते, पण शरीराला तिची सवय झालेली असते हे खरंच आहे, आणि आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी ह्या त्रासाला फार कमी लेखलं, दोन आठवड्यांत जाईल म्हणून पेशंटला वाटेला लावलं. काहींना तो कितीतरी जास्त काळ होतो.

कमी कसं करायचं ह्यात एक मेख आहे. थोड्याशा डोसनेच बहुतेक पंप अडवले जातात, पुढे डोस दुप्पट केला तरी त्यात थोडीच भर पडते. म्हणून एसिटॅलोप्रॅम २० वरून १० करताना जो फरक जाणवत नाही तो ५ वरून शून्य करताना जाणवतो. वरच्या पायऱ्या मोठ्या चालतात, खालच्या बारीक हव्यात, २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीमध्ये हॉरोविट्झ आणि टेलर ह्यांनी हेच मांडलं. आपल्याकडे मात्र पेशंट शेवटची पायरीच उडी मारून उतरतो. एकाआड एक दिवस गोळी घेऊन सोडायचा घरगुती प्रकार करू नका, एक दिवस भरती एक दिवस ओहोटी होते. आणि तुमची कॅप्सूल सावकाश विरघळणारी असेल, ती चावायची-कुटायची नाही. तिथल्या डॉक्टरांबरोबर बसून काही महिन्यांचा आराखडा करा.

अश्वत्थ

काका, मी वर जवळचा माणूस म्हटलं ती माझी बहीण. सात वर्षं एकच गोळी, एकच डोस. दर महिन्याला मीच आणून द्यायचो दुकानातून. एकदाही कुणी म्हटलं नाही की आता गरज आहे का बघूया. शेवटी तिने एकदम सोडली, पंधरा दिवस पलंगावरून उठली नाही, सगळे म्हणाले बघा आजार परत आला, परत सुरू केली. आता वाचतोय तर तो आजार होता की गोळी सुटल्याचा त्रास होता तेच कळत नाही. ह्याचा राग होता, तो वरच्या प्रतिसादात निघाला.

कृष्णाकाठ

राग योग्यच आहे. गोळी सुटल्याचा त्रास सहसा दोनचार दिवसांत सुरू होतो आणि त्यात झटके, चक्कर असं शरीराचं काहीतरी असतं, आजार परततो तो सहसा आठवड्यां-महिन्यांनी, हळूहळू. बहिणीला आठवत असेल तर ते दिवस लिहून काढायला सांगा, नव्या डॉक्टरांना त्याने फार मदत होईल.

किती दिवस घ्यायची, तर डिप्रेशन पहिल्यांदाच आलं असेल तर बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने. वरचेवर येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं गोळी घेऊन बरं असलेल्या लोकांवर एक चाचणी झाली, २०२१ ला आली. वर्षभरात ज्यांची गोळी चालू ठेवली त्यांच्यात ३९ टक्के लोकांना आजार परत आला, ज्यांची हळूहळू बंद केली त्यांच्यात ५६ टक्के. म्हणजे चालू ठेवण्यात फायदा आहे, आणि बंद केलेल्यांतले बरेचजण गोळीशिवायही ठीक राहिले, दोन्ही खरं. तुमच्या बहिणीने कुठल्या बाजूला जायचं हे तिला विचारून ठरवायला हवं होतं, सात वर्षांत एकदा तरी.

अश्वत्थ

शनिवारी घेऊन जातो तिला. धन्यवाद काका.

ओसरी

सगळ्यांचे आभार, आणि भावाचं सांगते. गेल्या महिन्यात हा धागा त्याला पाठवला, त्याने काही उत्तर दिलं नाही. मग मीच गावी गेले, जाताना तो दोन रेघांचा कागद घेऊन गेले. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला ह्यात मी कुठे होतो, मी पेनाने दाखवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी परत ५ वरून सुरू केलं, आणि यावेळी दहा दिवस ५ च ठेवली. मी एक शाळेची वही दिली त्याला, रोज दोन आकडे लिहायचे, त्रास दहापैकी किती आणि मन दहापैकी किती. पहिल्या आठवड्याची पानं वाचवत नाहीत. चौदाव्या दिवशी त्रास चार, मन दोन. एकविसाव्या दिवशी त्रास एक, मन चार. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तीन महिने शटर बंद होतं, काल सव्वीसावा दिवस, दुपारी दोन तास उघडून बसला होता, आई म्हणाली.

गुरुवारी दाखवायला जायचंय. जांभयांचं विचारायचंय, त्यालाही सुरू झाल्यात.